फॉसीबाईंचा सिनेमा जरूर बघा, पण ट्रॅकर्सना विसरू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या इथल्या फिल्म क्लबने 'गोरिलाज इन द मिस्ट' हा १९८८ चा सिनेमा दाखवला. डायॅन फॉसी या अमेरिकन संशोधक बाईंचा बायोपिक, रवांडाच्या डोंगरात गोरिलांसाठी आयुष्य घालवलं आणि १९८५ च्या डिसेंबरात तिथेच स्वतःच्या केबिनमध्ये ज्यांचा खून झाला त्या बाई. सिनेमा संपल्यावर चर्चा झाली ती सगळी एकाच मुद्द्यावर, बाई थोर की बाई डोक्याने फिरलेली, आणि कितीतरी वेळ तेच चाललं. आपल्या रविवार पुरवणीत बायोपिकवर जे लिहून येतं त्यातही बहुतेक वेळा नायिका कशी होती, अभिनय कसा झाला एवढंच असतं, म्हणून हे पत्र लिहितेय. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, माझे बरेच विद्यार्थी वनखात्यात आहेत. मला हा सिनेमा मनापासून आवडतो, पण तरीही सांगावंसं वाटतं की डोंगरी गोरिला आज जिवंत आहेत ते ज्या कामामुळे, ते काम या सिनेमात जवळजवळ नाहीच आणि ते करणारी माणसं तर त्याहून नाहीत.

आधी चांगलं ते सांगते. दिग्दर्शक मायकेल ॲप्टेडने शूटिंग प्रत्यक्ष रवांडात केलं आणि फॉसीबाईंची भूमिका करणारी सिगॉर्नी वीव्हर खरोखरच्या जंगली गोरिलांच्या कळपात जाऊन बसली, मारामारी वगैरे काही प्रसंगांत गोरिलाचे सूट घातलेली माणसं आहेत, पण ती शांत बसलेली असते आणि एक भलामोठा प्राणी पाला खात खात तिच्याकडे बघतो ते खरं आहे, कॉम्प्युटरवर केलेलं नाही. १९८८ साली तशी सोयच नव्हती. आजच्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं. वीव्हरला ऑस्करचं नामांकन मिळालं, गोल्डन ग्लोब मिळालं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की शूटिंग संपल्यावर ती विषय सोडून गेली नाही, फॉसीबाईंच्या नावाने चालणाऱ्या गोरिला फंडाशी ती पुढे कित्येक वर्षं जोडलेली राहिली. किती नट असं करतात?

आता फॉसीबाईंचं काम. त्या मुळात प्राणिशास्त्रज्ञ नव्हत्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, केंटकीतल्या लुईव्हिल गावी अपंग मुलांच्या हॉस्पिटलात नोकरी करायच्या. १९६३ मध्ये कर्ज काढून आफ्रिका बघायला गेल्या, तिथे आदिमानवाचे अवशेष शोधणारे शास्त्रज्ञ लुई लीकी यांना भेटल्या, तीन वर्षांनी लीकी लुईव्हिलला व्याख्यानाला आले तेव्हा पुन्हा भेट झाली आणि १९६७ च्या सुरुवातीला त्या काँगोत काबारा इथे तंबू ठोकून बसल्यासुद्धा. सहा-सात महिन्यांत तिकडे बंडाळी माजली, सैनिकांनी डोंगरावरून खाली आणलं, तिथून कशाबशा सुटल्या आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला रवांडाच्या बाजूने कारिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत कारिसोके हे केंद्र सुरू केलं. सुमारे ३००० मीटर उंची, सतत पाऊस, चिखल, अंगभर खाजवणारी खाजकुइलीसारखी झुडपं. सिनेमात हा भाग छान आलाय, धुकं तर बघत राहावं असं.

पण काबाराला फॉसीबाईंना गोरिलाचा माग काढायला शिकवलं कोणी? सान्वेक्वे नावाच्या काँगोली ट्रॅकरने. या माणसाने त्याआधी जॉर्ज श्यालर या शास्त्रज्ञाबरोबरही काम केलं होतं, म्हणजे डोंगरी गोरिलांवरच्या पहिल्या दोन्ही मोठ्या अभ्यासांमागे हा एक माणूस आहे. पाला कुठे मोडलाय, तो आजचा की कालचा, लीद किती ताजी, कळप वर गेला की खाली उतरला, हे सगळं त्याला येत होतं, बाईंना त्यातलं काहीच येत नव्हतं आणि त्यांनी स्वतः हे मोकळेपणाने लिहिलंय. सिनेमात याच्या जागी सेंबागारे नावाचं एकच पात्र आहे. जॉन ओमिरा मिलुवीने ते फार जीव ओतून केलंय, मला तर तो सिनेमातला सगळ्यात शांत आणि सगळ्यात खरा माणूस वाटतो. पण पंधरावीस वर्षं किती माणसं डोंगर चढत उतरत होती, त्या सगळ्यांचं मिळून एक पात्र केलं की होतं काय, बाई एकट्या लढतायत आणि बाजूला एक निष्ठावान मदतनीस आहे असं चित्र उभं राहतं. बाकीचे रवांडन लोक मग कोण उरतात? शिकारी, पैसे खाणारे अधिकारी आणि गर्दी.

कारिसोकेतल्या कामाची एक गोष्ट सांगते. गोरिलाच्या नाकपुड्यांच्या वर ज्या सुरकुत्या असतात त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. फॉसीबाई वहीत प्रत्येक गोरिलाच्या नाकाचं रेखाचित्र काढायच्या, शेजारी नाव, कुठला कळप, कोणाचं पिल्लू. दुर्बिणीतून बघत, पावसात, कागद ओला होऊ न देता. आणि नुसतं ओळखून भागत नाही, संध्याकाळी प्रत्येक मोठा गोरिला पालापाचोळा, फांद्या दाबून स्वतःचं वेगळं घरटं करतो आणि रात्री त्यातच झोपतो, तर दुसऱ्या दिवशी ती रिकामी घरटी मोजायची, आईच्या घरट्यात लहान लीद दिसली म्हणजे पिल्लू आहे, अशी नोंद करायची. शिरगणती होते ती अशी. सिनेमात हे काही सेकंदांत उरकलंय. बॉब कॅम्पबेल या फोटोग्राफरबरोबरच्या प्रेमप्रकरणाला मात्र भरपूर वेळ दिलाय. ते प्रकरण खरं होतं हे मान्य, पण वही उघडून नाकाचं चित्र काढणारी बाई मला त्याहून जास्त वेळ बघायला आवडली असती.

आता डिजिट नावाच्या गोरिलाबद्दल. ज्यांनी सिनेमा बघितलाय त्यांना तो प्रसंग विसरता येत नाही. एका बोटाला इजा झालेली म्हणून त्याचं नाव डिजिट (इंग्रजीत डिजिट म्हणजे बोट), फॉसीबाईंनी त्याला लहानपणापासून बघितलेला, रवांडाच्या पर्यटन खात्याच्या पोस्टरवरही त्याचाच फोटो होता. ३१ डिसेंबर १९७७ ला शिकारी आणि त्यांचे कुत्रे कळपावर आले, डिजिट मध्ये उभा राहिला, कळपातले बाकीचे निसटले आणि त्याला भाल्यांनी मारलं, मुंडकं आणि हात तोडून नेले. त्याचं शव सापडलं ते इयन रेडमंड हा तरुण संशोधक आणि नेमेये हा ट्रॅकर या दोघांना. रेडमंडचं नाव नंतर जगभर झालं ते योग्यच झालं, पण नेमेयेचं नाव आमच्या चर्चेत एकानेही ऐकलेलं नव्हतं.

आणि इथे प्राणिशास्त्राची शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी कारण सिनेमा ती सांगत नाही. डिजिट गेल्यावर सहा-सात महिन्यांत त्याच कळपाचा मुख्य नर अंकल बर्ट गोळी घालून मारला गेला. गोरिलांच्या कळपात मुख्य सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर, मेला की नुकसान एका जनावराचं नसतं. पिल्लांना वाचवणारा कोणी राहत नाही, दुसरे नर त्यांना मारतात, माद्या इकडे तिकडे विखुरतात. डिजिटच्या मृत्यूनंतर त्याची मादी सिंबा व्याली होती, ते पिल्लू म्वेलू, तेही पुढे असंच गेलं. मादीला पहिलं पिल्लू होतं साधारण दहाव्या वर्षी, मग चार-चार वर्षांनी एकेक. म्हणजे बंदुकीच्या एका गोळीने झालेलं नुकसान भरून यायला किती वर्षं लागत असतील याचा विचार करा. रोजच्या रोज पहारा का लागतो त्याचं उत्तर या हिशोबात आहे.

शिकाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. सिनेमात ते भीतीदायक दाखवलेत, पण बहुतेक फास लावले जायचे ते हरणांसाठी, खाण्यासाठी, त्यात गोरिलाचा हात किंवा पाय अडकायचा. त्यातले बरेच जण ट्वा जमातीचे, पिढ्यानपिढ्या जंगलावर जगलेले, आणि ते जंगल तर सगळीकडून आक्रसत चाललेलं, १९६९ मध्ये पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या पिकासाठी गोरिला राहतात त्या राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे पार्कचा, मोठा तुकडा काढून दिला होता, त्या फुलांचा माल जाणार युरोप-अमेरिकेला. गोरिलाचे हात आणि मुंडकी शोभेला विकत घेणारे लोक गावातले नव्हते, परदेशी होते. जिवंत पिल्लं हवी होती तीही परदेशी प्राणिसंग्रहालयांना. १९६९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन झूसाठी कोको आणि पकर ही दोन पिल्लं पकडली, त्यांना धरताना दोन्ही कळपांतले कितीतरी मोठे गोरिला मारले गेले असं फॉसीबाईंनीच लिहून ठेवलंय, मरायला टेकलेली ती पिल्लं बाईंनी केबिनमध्ये ठेवून बरी केली आणि तरीही ती कोलोनला पाठवली गेली, १९७८ मध्ये तिकडेच मेली. सिनेमात एक परदेशी प्राणी-दलाल आहे खरा, पण राग मात्र प्रेक्षकाला भाला हातात असलेल्याचाच येतो, आमच्या क्लबमध्येही तसंच झालं, विकत घेणाऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

फॉसीबाईंनी शिकाऱ्यांना पकडून मारलं, झोपड्या जाळल्या, एकाच्या मुलाला ओलीस धरून ठेवलं. सिनेमा यातलं काही दाखवतो, खोटी फाशी देण्याचा प्रसंगसुद्धा आहे, आणि लपवलं नाही याबद्दल मी त्यांना मानते. पण मला हे पटत नाही आणि दुःखात केलं म्हणूनही पटत नाही. ज्या गावांच्या उशाला जंगल आहे त्या गावांशी वैर घेऊन जंगल टिकत नाही, हे आपल्याकडे वनखात्यातला कुठलाही अनुभवी माणूस सांगेल. बाईंचा पर्यटनालाही कडाडून विरोध होता. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, माणसाची साधी सर्दीसुद्धा गोरिलाला जीवघेणी ठरू शकते. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी पार्कचा आणखी एक तुकडा गुरांच्या प्रकल्पासाठी द्यायचं घाटत होतं आणि तेव्हा बिल वेबर आणि एमी वेडर या जोडप्याने सांगितलं की मोजके पर्यटक आणा, त्यांच्याकडून पैसे घ्या, गावात शाळांमधून समजावून सांगा. १९७९ मध्ये ते सुरू झालं. आज रवांडात एका माणसाला गोरिला बघायचं परमिट १५०० डॉलरला पडतं, एका कळपाला दिवसातून एकदाच आठ जण, तेही फक्त तासभर भेटू शकतात, आणि पार्कच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना जातो. या बाबतीत फॉसीबाईंपेक्षा वेबर-वेडर बरोबर ठरले असं मला वाटतं, आणि असं म्हटल्याने फॉसीबाई लहान होत नाहीत. कारण त्यांनी ओळखून, नावं देऊन, माणसाची सवय करून ठेवलेले कळप नसते तर पर्यटकांना दाखवणार काय होते?

आकडे बघा. १९६० च्या आसपास श्यालरनी विरुंगा डोंगरात, म्हणजे रवांडा, काँगो आणि युगांडाच्या सीमेवरच्या याच ज्वालामुखींच्या रांगेत, साधारण ४५० गोरिला असतील असा अंदाज केला होता. १९८१ च्या गणतीत ते २५० च्या आसपास उरले होते, फॉसीबाईंना वाटायचं की शतक संपायच्या आत ही जात संपेल. २०१५-१६ च्या गणतीत विरुंगात ६०४ मिळाले, युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात २०१८ ला ४५९, म्हणजे मिळून हजाराच्या वर, आणि २०१८ मध्येच आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने डोंगरी गोरिलांना सगळ्यात गंभीर धोक्याच्या यादीतून एक पायरी खाली आणलं. जगातल्या सगळ्या मोठ्या वानरांमध्ये संख्या वाढतेय असं खात्रीने म्हणता येतं ते यांच्याबद्दल. ओरांगउटान, चिंपांझी, सगळीकडे घट आहे.

हे कसं झालं? बाईंचा खून झाल्यावर सिनेमा संपतो पण काम संपलं नाही ना. ट्रॅकर पहाटे निघतो, काल कळप जिथे सोडला तिथे जातो, तिथून माग काढत रात्रीच्या घरट्यांपर्यंत, मग पुढे कळपापर्यंत. सगळे आहेत का, कोणी लंगडतंय का, कोणाच्या नाकातून पाणी येतंय का, कोण कोणावर चिडलंय, हे लिहायचं, वाटेत फास दिसला की तोडायचा, परत यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवार नाही, सण नाही. एखादा गोरिला फासात अडकलेला किंवा आजारी दिसला तर गोरिलांचे डॉक्टर वर चढतात, ही पशुवैद्यकीय सेवा फॉसीबाईंनी मागितली होती आणि ती सुरू झाली १९८६ मध्ये, त्या गेल्यावर. १९९४ च्या नरसंहारात रवांडात लाखो माणसं मारली गेली, त्या काळात कारिसोकेच्या केबिनी लुटल्या गेल्या, मोडल्या, ट्रॅकर्सची घरं-माणसं गेली, आणि तरीही शक्य झालं तसतसे ते परत डोंगरावर गेले आणि कळप शोधून काढले. यावर एक अख्खा सिनेमा होऊ शकतो, आणि तो रवांडातल्या माणसाने केला पाहिजे असं मला वाटतं.

२०१२ मधली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायचे. कारिसोकेच्या एका ट्रॅकरला फास दिसला, वाकवलेल्या फांदीला दोरी बांधून लावतात तसला. तो मोडायला पुढे गेला तर कळपातल्या सिल्व्हरबॅकने गुरकावून त्याला मागे हटवलं. तेवढ्यात र्वेमा आणि डुकोरे ही जेमतेम चार वर्षांची दोन पिल्लं धावत आली, एकाने ताणलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुसऱ्याने दोरीचा फास सोडवला. मग शेजारीच दुसरा फास होता, जो ट्रॅकरलाही दिसला नव्हता, तोही त्यांनी मोडला. काही दिवस आधी त्यांच्याच कळपातलं एक पिल्लू फासाने मेलं होतं. मुलं हे ऐकून एकदम गप्प व्हायची आणि मग प्रश्नांचा पाऊस. ही गोष्ट आपल्याला कळली ती ट्रॅकर त्या वेळी तिथे हजर होता म्हणून.

काँगोच्या बाजूची परिस्थिती तर आणखी अवघड. विरुंगा नॅशनल पार्कमध्ये आजवर २०० हून जास्त रेंजर ड्युटीवर मारले गेलेत, २०२० च्या एप्रिलमध्ये एकाच हल्ल्यात १२ रेंजर गेले. फॉसीबाईंच्या खुनाबद्दल जगाने पुस्तकं लिहिली, या माणसांची नावं त्यांच्या गावाबाहेर कोणाला माहीत नाहीत. ज्या रवांडन ट्रॅकरला, र्वेलेकानाला, बाईंच्या खुनाच्या संशयावरून पकडलं होतं तो तुरुंगातच मेला, खटला न चालता. सिनेमात त्याचं नावही नाही.

आमच्या चंद्रपूरकडचं सांगायचं तर ताडोबात नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामात पायी ट्रान्सेक्ट, म्हणजे नोंदीसाठी आखलेली सरळ वाट, चालताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. दोन-चार दिवस बातम्या आल्या आणि मग वाघिणीच्या फोटोंनी पुन्हा पानं भरली. वाघाला नाव असतं, त्याचे फॅन असतात, त्याची वंशावळ लोकांना पाठ असते. रोज बीटवर चालणाऱ्या वनरक्षकाला आणि रोजंदारीवरच्या वनमजुराला त्यातलं काही मिळत नाही, कित्येकदा तर पगारही वेळेवर मिळत नाही. माझे विद्यार्थी फोनवर बोलतात तेव्हा हेच बोलतात.

म्हणून आपल्याला विनंती अशी. एक, बायोपिकवर लिहून घ्याल तेव्हा समीक्षकाला सांगा की ज्या कामावर सिनेमा आहे ते काम प्रत्यक्षात कोण करत होतं आणि आज कोण करतंय तेही चार ओळींत लिहा. दुसरं म्हणजे आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी मेळघाट, पेंच, ताडोबा, सह्याद्री, कुठल्याही जंगलातल्या एका वनरक्षकाच्या किंवा वनमजुराच्या दिवसावर पान द्या, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, अधिकाऱ्याच्या कोटशिवाय. मी माझ्या ओळखीतल्या मुला-मुलींना विचारून ठेवलंय, बोलायला तयार आहेत, फक्त वरिष्ठांची परवानगी वर्तमानपत्राकडून मागितली गेली तर त्यांना सोपं जाईल. आणि शाळांनी हा सिनेमा दाखवावा पण आठवी-नववीच्या पुढेच, डिजिटचा प्रसंग लहान मुलांना झेपणारा नाही, आणि दाखवल्यावर विरुंगाचा नकाशा फळ्यावर काढून कारिसोके कुठे, काबारा कुठे हे दाखवायला शिक्षकांनी पंधरा मिनिटं ठेवावीत. असा नकाशा आणि सोप्या मराठीत दोन पानी टिपण मी तयार केलंय, हवं असल्यास पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर